शुक्रवारचं वाण

१३ जानेवारी, संध्याकाळ

शेजारच्या काकूंनी आज जिन्यात थांबवून विचारलं, "आईला बरं हाय का आता? वर्षभर मंगळवेढ्याला राहिलीस की."

माझी आई ठणठणीत आहे. मी वर्षभर जपानमधल्या महिला विद्यापीठात शिकवत होते. सून एकटी परदेशी गेली हे सांगायची सासूबाईंना लाज, म्हणून त्यांनी माझ्या आईला अंथरुणाला खिळवलं. तेही वर्षभर.

काकूंना "बरी आहे" एवढंच म्हणाले. शुक्रवारी आमच्याकडे हळदीकुंकू. वाण म्हणून कॅलेंडरं छापून आणलीत. दर महिन्याला विद्यापीठातला माझा वेगळा फोटो. वाईट आहे का मी? असेन.

सासूबाईंनी बजावलंय, "वाण मीच देणार, मोठी मी हाय."

द्या की. गुंडाळून, दोरा बांधून ठेवलीत. गल्लीत घरोघरी टांगली जातील, वर्षभर.