रस्ता मधेच तुटतो

११ सप्टेंबर २००६
डॉक्टरांनी दिलेला रबरी चेंडू बाबांनी आज परत अंगणात फेकला. उजव्या हातानं. लकव्यापासून डावा हात मांडीवर पडून असतो. उभा जन्म एसटीच्या स्टेअरिंगवर गेला. म्हणतात, "चेंडू दाबायला मी लेकरू हाय का?"
पुण्याच्या कंपनीचं नोकरीचं पत्र पर्समध्येच. १६ ऑक्टोबरला हजर व्हायचंय. बाबांना सांगितलं नाही. आई असती तर...

१४ सप्टें.
मी शिकवायचे तो कॉम्प्युटर क्लास बंद पडला, तेव्हाची एक जुनी मशीन घरी आहे. विंडोज नाही, लिनक्सवर चालते. त्यात गाडी चालवायचा गेम सापडला. डाव्या हाताला जमतील अशी दोन बटणं लावून बाबांना बसवलं. पहिल्याच वळणावर रस्ता गायब. काळे त्रिकोण, गाडी हवेत.
"रस्ता कुठं गेला?"
पण डाव्या हाताचं बोट हललं होतं. मी पाहिलं, त्यांनी नाही.

१८ सप्टें.
आमच्या कनेरगावात नेट नाही. शेजारच्या शांताकाकूंना बाबांपाशी बसवून हिंगोली गाठली. नेटकॅफेतून लिनक्सवाल्यांच्या फोरमवर विचारलं. कुणीतरी लगेच लिहिलं, अमुक कमांड चालवा, काय येतं ते कळवा. मशीन कनेरगावात, मी हिंगोलीत. कमांड कागदावर उतरवली, परतीची बस धरली.

२१ सप्टें.
कमांडचं उत्तर चार पानं भरून हातानं उतरवलं. आता परत हिंगोली. काकूंना सारखं कसं म्हणू.

२५ सप्टें.
गेलेच. निघताना बाबा म्हणाले, "हिंगोलीत काय ठेवलंय एवढं?" चपला घातल्या.
फोरमचं म्हणणं, चित्रासाठी मेमरी कमी पडतेय. ती वाढवा, नाहीतर सेटिंगच्या फाइलीत रंग चोवीस बिटांवरून सोळावर आणा, म्हणजे भार हलका होईल.

२६ सप्टें.
फाइल बदलली. मशीन चालू केली तर पडदा काळा, नुसती अक्षरं. गेम जाऊ दे, माउससुद्धा नाही. जुन्या फाइलीची कॉपी ठेवली नव्हती. पोरांना वर्षभर हेच बजावत होते.
बाबा मागून, "बंद पडली व्हय?"
"व्हय."
"मग बॉनेट उघड."

२ ऑक्टोबर
धम्मचक्र दिन. काकू विहारात, सगळी गल्ली विहारात. मी घरी. बाबांना एकटं सोडवत नाही, नेटकॅफेही बंद. लोडशेडिंग. लाईट येईपर्यंत पलंगाच्या कडेला बसून राहिलो दोघं. पत्र अजून पर्समध्येच.

७ ऑक्टो.
फाइल ओळ न् ओळ वाचली. एका शब्दापुढचं अवतरणचिन्ह राहिलं होतं. एवढंच. बारा दिवस.
रस्ता आला. रंग जरा फिके, पण अखंड. बाबांनी गेममधल्या सगळ्या घाटातून गाडी उतरवली. वळणावर तोंडानं हॉर्न. डाव्या हाताची दोन बोटं बटणांवर, आणि आता त्यांनाही दिसत होती.

११ ऑक्टो.
रोज बसतात. चहाचा कप डाव्या हातानं सरकवला. आज पत्राचं सांगितलं. बाबांनी गेममधली गाडी थांबवली. मग म्हणाले, "कवाचं आलंय?" खरं सांगितलं. पुसेगावहून आत्या आली होती. ती म्हणाली, "काहून थांबून राहिली? जा तू. मी राहते दादापाशी."
रडू आलं. सुटल्यासारखं वाटलं. पोळ्या करताना गुणगुणत होते, आत्या हसली.

१४ ऑक्टो.
मशीन अडली तर काय करायचं, ते मराठीत लिहून काढलं. बाबांना वाचून दाखवलं. आत्या म्हणाली, "मला तर त्यातलं टिंबबी कळत न्हाई."
बाबांनी कागद घडी करून खिशात ठेवला. मग हळू म्हणाले, "गाडी फेल झाली की डेपोतून मेकॅनिक यायचा. हितं कोण येणार?"
राग नव्हता त्यात. विचारत होते.
"चालू करून दे," म्हणाले. दिली.
उद्या सकाळी सहाची पुण्याची गाडी. बॅग भरलेली आहे, रिझर्वेशन मात्र केलेलं नाही. भिंतीआडून बाबांच्या तोंडचा हॉर्न ऐकू येतोय.