येळवशीचा पाहुणा

नांदेड,
४ जानेवारी २०२६

प्रिय रामलिंग अण्णा,

शरणु शरणार्थी. मी बरी आहे. इथे थंडी चांगलीच पडलीय. हरभरा कसा आहे? आईला गुडघ्याला तेल लावायची आठवण कर. फोन केला की तू तिलाच पुढे करतोस, म्हणून पत्र.

अभ्यास चालू आहे. आधुनिक जगाचा इतिहास अर्धा झाला. फ्रान्समध्ये उडवलेली डोकी, काँगोतले तोडलेले हात, रवांडात शेजाऱ्यांनीच कोयत्याने कापलेले शेजारी. पूर्वी हे सगळं कारणं आणि परिणाम म्हणून घोकायचे आणि निवांत चहा प्यायचे. आता काँगोच्या पानाशी आले की पुस्तक मिटून ठेवते.

सत्यमचा उजवा हात मोडलाय. माझ्यासोबत अभ्यास करणारा, हदगावचा. तू विचारलं नाहीस, तरी सांगते.

येळवशीच्या अमावस्येला त्याला निलंग्याला, आपल्या शेतात मीच बोलावलं. त्या दिवशी आपण वाटसरूलाही कडब्याच्या कोपीत बसवून आंबील पाजतो, त्या रीतीवर माझा भरवसा होता. तूच त्याला आग्रहाने भज्जी वाढलीस. मग आडनाव विचारलंस. ते ऐकूनही आणखी आंबील ओतलीस. मी मूर्ख, खूश झाले.

गाडीपर्यंत सोडतो म्हणून तुम्ही पाच जण त्याला घेऊन निघालात. मी डबा द्यायला मागून धावत आले, तर तो बांधावर पडलेला. कुदळीचा दांडा तुझ्या हातात. त्याने तोंडावर हात धरला होता आणि तू त्या हातावरच मारत होतास. हाड मोडल्याचं मी ऐकलं. त्याच्या तोंडातून आंबील आणि रक्त एकदमच आलं. तू म्हणालास, "जेवू घातलं न्हाई का? आता जा म्हनावं."

आई म्हणते, कोन व्हते ते दिसलं न्हाई म्हन. पेपरात आलंय, जमावाची मारहाण. आमच्या पुस्तकांतही तसंच असतं, जमावाने जाळलं, जमावाने कापलं. तशी उत्तरं लिहून मी चांगले गुण मिळवलेत. त्या जमावात कुणाचाच भाऊ नसतो.

लहानपणी मला ताप आला की तूच पाठुंगळी घेऊन दवाखान्यात न्यायचास. अण्णा, मला तुझी आठवण येते आणि तुझी भीती वाटते.

आज सकाळी पोलिसांना जबाब दिला. पाचही नावं सांगितली. पहिलं तुझं. हे पत्र पोचेल तोवर ते येऊन गेले असतील. कोर्टातही तुझ्यासमोर उभी राहून हेच सांगेन. तेव्हा मान खाली घालू नकोस, माझ्याकडे बघ.

तुझीच धाकटी,
आरती