समोर बघा

४ तारीख, सोमवार

पोचले. सामान कमी, उत्साह जास्त. स्टुडिओ मनापासून आवडला. पुढच्या खोलीत काउंटर आणि काचेत लावलेले जुने फोटो, मागं लांबलचक शूटिंगची खोली, आणि माडीवर माझी राहायची जागा. तिला उत्तरेकडची खिडकी आहे! मालकांनी स्पष्ट सांगितलं, महिनाभर काम बघणार, पसंत पडलं तर जागा कायमची. मग माझ्या ठकीला दादाकडून आणता येईल. फोनवर तिचा एकच धोशा, कधी येऊ? सहा वर्षांच्या मुलीला महिना म्हणजे काय ते कसं समजवायचं!

मालक साठीचे. ते स्वतः कॅमेऱ्याला हात लावत नाहीत. नजर गेली म्हणाले, पण पेपरातल्या बारीक जाहिराती चष्म्याशिवाय वाचत होते. असो. लेन्स मात्र खरी खानदानी आहे. जुनी, जड, पोर्ट्रेटसाठीच घडवलेली. त्यांच्या बायकोची होती. तीही फोटो काढायची, बरीच वर्षं झाली वारून. फोटो याच लेन्सनं काढायचे, अशी अट.

खोलीत उंदरांचा उच्छाद आहे. मांजर पाळा म्हटलं, तर मालक एकदम तोंड फिरवून म्हणाले की इथं मांजर कधी नव्हतं आणि येणारही नाही.

६ तारीख, बुधवार

पहिली दोन गिऱ्हाइकं झाली. फोटो सॉफ्ट. बिघडले म्हणावेत असे नाहीत, पण पापणी आहे आणि पापणीचे केस नाहीत. मालकांनी काउंटरवर सगळ्यांसमोर फोटो डोळ्यापासून लांब धरला आणि विचारलं, बाई, हा माणूस आहे की याची आठवण? गिऱ्हाईक हसलं. मलाही हसावं लागलं.

चूक माझी असू शकते. नवी जागा, नवी लेन्स. उद्या शांतपणे एकेक गोष्ट तपासते.

८ तारीख, शुक्रवार

तपासलं. पुढची मागची काच साफ केली. टॉर्च मारून आत बुरशी बघितली, नाही. ट्रायपॉडला वजन टांगलं, बटण हातानं न दाबता रिमोटनं दाबलं. शटर वाढवलं. माझा स्वतःचा कॅमेरा लावून बघितला. तरी तेच.

मग एका फोटोत मागचा पडदा बघितला, आणि डोक्यात प्रकाश पडला. पडद्याच्या कापडाचा धागान् धागा शार्प! म्हणजे लेन्स उत्तम आहे, फक्त फोकस माणसावर न पडता मागं पडतोय. असं होतं, त्यावर उपाय असतो. हुश्श.

अडगळीत रिळांचे रिकामे डबे सापडले. पडद्यापासून ट्रायपॉडपर्यंत जमिनीवर एका ओळीत मांडलेत. फोकस मध्ये ठेवलेल्या स्टुलावर धरायचा आणि कुठला डबा शार्प येतो ते बघायचं. आज पडद्याला टेकलेला डबा शार्प आला. कॅमेऱ्यात तेवढी दुरुस्ती घातली.

९ तारीख, शनिवार

आज त्याच्या पुढचा डबा. दुरुस्तीचा परिणाम म्हणावा, तर दुरुस्ती काढून टाकली तरी तोच.

शेजारच्या इस्त्रीवाल्या मावशी चहा घेऊन आल्या. आधीच्या फोटोग्राफरचं विचारलं, तर म्हणाल्या, उजव्या डोळ्याला पट्टी बांधून गेला बिचारा, परत आला नाही. कॅमेऱ्याला लावायचा तोच डोळा. हे बोलून त्यांनी स्टुलाकडे एकदा बघितलं आणि चहा अर्धा टाकून गेल्या.

१२ तारीख, मंगळवार

आज कमाल झाली! स्टुलाशेजारचा डबा शार्प, आणि स्टुलावरचा माणूसही. तिन्ही गिऱ्हाइकांचे फोटो असे आलेत की दाढीचे खुंट मोजावेत. मालक चक्क बघून हसले, म्हणाले, आता कसं, जमलं की बाईंना. ठकीला फोन करून सांगितलं, बॅग भरायला घे.

एक बारीकशी गोष्ट. तिन्ही फोटोंत माणसाच्या खांद्यावर एक लांब केस आहे. तिसरं गिऱ्हाईक टकलू होतं.

१३ तारीख, बुधवार

पुन्हा सॉफ्ट. आता स्टुलाच्या अलीकडचा डबा शार्प. फोकस स्टूल ओलांडून माझ्या बाजूला आलाय.

मालकांनी जागेची आठवण करून दिली. लग्नात नाचायला आलात की काम करायला, असंही विचारलं. दुसरी लेन्स लावू का म्हटलं. साफ नाही. फोकस पुढं सरकतोय एवढंच मी सांगितलं, तेव्हा काउंटर पुसता पुसता त्यांनी विचारलं, ट्रायपॉडपर्यंत अजून किती डबे राहिलेत?

डबे मांडल्याचं मी त्यांना सांगितलं नव्हतं. ते त्या खोलीत पाऊलही टाकत नाहीत.

१४ तारीख, गुरुवार

डब्यांखालची सतरंजी उचलली. फरशीवर खडूच्या जुन्या खुणा. दुसऱ्या कुणाच्या तरी हातच्या. पडद्यापासून निघून स्टुलाला वळसा न घालता सरळ ट्रायपॉडकडे आलेल्या. शेवटची खूण मी उभी राहते तिथून हातभर अंतरावर.

आजच्या फोटोत स्टूल धूसर. अलीकडे रिकामी हवा, आणि हवेत, अगदी शार्प, एक पाऊल. घोट्यातून बाजूला मोडलेलं.

काचेवरचा डाग असेल म्हणून पुसत बसले. किती वेळ पुसत होते कोण जाणे.

१५ तारीख, शुक्रवार

मावशींकडे गेले. फोटो दाखवला. त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली आणि सगळं सांगितलं.

त्यांच्या लग्नानंतरचा घरच्यांचा फोटो इथंच, मागच्या खोलीतल्या बाकावर बसून काढला होता. त्या दिवशी वहिनी, म्हणजे मालकांच्या बायको, पडदा बदलायला मागं शिडीवर चढल्या होत्या. मालक कॅमेऱ्यामागं. गावात सगळे वहिनींकडूनच फोटो काढून घ्यायचे, त्या दिवशी मालकांनी हट्टानं कॅमेरा घेतला होता. पडद्यामागं धप्प झालं. मग कुणीतरी हळूहळू हाक मारायला लागलं. अहो. अहो इकडे या. मावशींच्या सासूनं विचारलं, कसला आवाज? मालक म्हणाले, मांजर असेल, समोर बघा. हसा. आणि एक नाही, चांगले पाच-सहा फोटो काढले. हाक थांबेपर्यंत.

फोटो मावशींनी ट्रंकेतून काढून दाखवला. सगळे हसताहेत. अतिशय शार्प.

मी विचारलं, तुम्ही गप्प का राहिलात? म्हणाल्या, ताई, नवी नवरी होते, समोर बघ म्हटलं, समोर बघितलं. तेव्हापासून कडेला बघायची हिंमत नाही झाली.

तो मालक बायकोच्या हाकेला ओ देऊन पडद्यामागं गेला नाही. म्हणून ती निघाली आहे. कॅमेऱ्यामागं जो असेल त्याच्याकडे. आणि हे माहीत असून तो आपल्या जागी दुसऱ्यांना उभं करतो. आधी त्या बिचाऱ्याला, आता मला. आईवेगळी होईल अशी मुलगी आहे मला, तेही त्याला माहीत होतं. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

पळून जाता येईल. दादाच्या दारात उभं राहता येईल.

नाही जाणार.

१६ तारीख, शनिवार

दोन डबे राहिले. आज बोटं आली फोटोत. नखांवरचा रंग अर्धा गेलेला. कॅमेऱ्याकडे पसरलेली.

मावशींशी बोलले. उद्या त्या घरच्यांना घेऊन येतील. त्याच बाकावर.

१७ तारीख, रविवार

झालं.

मावशी सगळं खटलं घेऊन आल्या. मुलगे, सुना, जावई. काउंटरवरच ठणकावलं, मालक, तेव्हा तुम्ही काढला होता, आताही तुम्हीच काढायचा. मालक म्हणाले, नजर नाही. जावई म्हणाला, अहो, आत्ता तर माझ्या पेपरातलं कोडं सोडवत होतात! सगळे हसले. मावशी म्हणाल्या, का हो, हात कापतो? मालकांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं, नोकर माणसानं बघावं तसं.

चारचौघांत नाही कसं म्हणणार. आत आले. मी बाकाशेजारी पांढरा पुठ्ठा धरून उभी, रिमोट माझ्या खिशात. दिव्यांमुळे बाकावरच्यांना कॅमेऱ्यामागचं काही दिसत नव्हतं. मला दिसत होतं.

ते वाकले. उजवा डोळा लावला.

डोळा निघेना. दोन्ही हातांनी कॅमेरा ढकलत होते आणि निघेना. मग निघाला, आणि ते मागं पडले. धप्प. खालून हाक आली. बाई. अहो बाई, इकडे या.

धाकट्या सुनेनं विचारलं, काय पडलं?

मी म्हटलं, मांजर असेल. समोर बघा. हसा.

मावशी ताठ बसून होत्या. त्यांनी समोर बघितलं.

रिमोट दाबला. पुन्हा दाबला. हाक थांबेपर्यंत दाबला.

१९ तारीख, मंगळवार

डॉक्टर म्हणाले, हृदय. डोळ्याचं कुणी विचारलं नाही. मालकांच्या पुतण्यानं कळवलंय, स्टुडिओ तुम्हीच चालवा, जागाही राहू द्या.

रविवारचे फोटो बघितले. इतके शार्प फोटो आयुष्यात काढले नव्हते.

२२ तारीख, शुक्रवार

लेन्स बरी झाली. फोकस धरावा तिथं पडतो. सगळे डबे तपासले, पडद्यापासून ट्रायपॉडपर्यंत. खोलीत समोर काही नाही. वहिनी, सुटलात ना?

डबे उचलून ठेवले. उद्या ठकी येतेय.

२३ तारीख, शनिवार

ठकी आली. खिडकी तिला पसंत आहे. स्टुडिओत पहिली ऐट म्हणून स्टुलावर चढून बसली, फोटो काढ म्हणाली.

काढायला लागले. हसेचना. माझ्या कानाशेजारून मागं बघत होती. समोर बघ म्हटलं, तर म्हणाली, समोरच बघतेय. मग विचारलं, आई, तुझ्या मागं कसला आवाज येतोय?

तोंडातून निघून गेलं. मांजर असेल.

म्हणाली, मांजर बाई म्हणून हाक मारतं का?

मागं वळून बघितलं नाही. हाताशी ठेवलेली वही ओढून घेतली, कॅमेऱ्याशेजारीच उभी आहे, हातानं काहीतरी करत राहायला हवं म्हणून लिहितेय. फोटो मोठे करून बघते आहे. शार्प आहेत. पापणीचा केसन् केस. डोळ्यातलं बुबुळसुद्धा इतकं शार्प की त्यात ही खोली दिसते. दिवा. ट्रायपॉड. वाकलेली मी.

लेन्सला फक्त समोरचं दिसतं. माझ्या मागचं दिसत नाही. म्हणून बरी झाली वाटली—

पहिल्या फोटोत, ठकीच्या डोळ्यात, माझ्या मागं जमिनीवर कुणीतरी आडवं.

दुसऱ्यात गुडघ्यांवर.

तिसऱ्यात उभं. एक हात उजव्या डोळ्यावर. दुसरा हात—

चौथा उघडवत नाही. ठकी स्टुलावर आहे. तिला म्हटलं, खाली बघ, डोळे मीट. ऐकत नाही. माझ्या खांद्याच्या वर बघतेय, आणि मान हळूहळू वर, अजून वर, जसं काही ते अगदी जवळ—