आमच्या कपावर उस्तादांचं नाव

८ नोव्हेंबर, कंधार
माझ्या जुन्या कोचचा, नांदेडच्या उस्तादांचा फोन आला. मला नाही, थेट आमच्या संगीताला! "नांदेडला ये, माझ्या क्लबात घेतो, बूट पण देतो." शनिवारी पोरींची फुटबॉलची फायनल त्यांच्याच क्लबाशी, आणि हे आत्ता सुचलं! दर साली हेच. ज्या टीमची भीती वाटते तिची फॉरवर्ड उचलायची, मग सांगत फिरायचं, चांगल्या पोरी आपल्याकडंच तयार होतात. संगीता म्हणाली, "न्हाई येत म्हणलं मी. लई रागावले." शाबास म्हणलं.

१० नोव्हेंबर
प्रॅक्टिसला पोरींना बजावलं: मॅचआधी उस्तादांच्या पाया पडायचं नाही. नांदेडात सगळ्या टीमा पडतात, समोरच्यासुद्धा. पाया पडून उठलेली पोर मग त्यांच्या पोरींच्या अंगावर जाते का? मी त्यांची गोलकीपर होते, मला नका शिकवू.

१२ नोव्हेंबर
जिंकलो!! १–०. संगीताचा हेडर. एकही पोर वाकली नाही.
शेवटची शिट्टी झाली, उस्ताद समोर आले आणि मी... मीच वाकले. मेली सवय! वर बघते तर कप त्यांच्या हातात, समोर फोटोवाला. मग माईकवर: "माझ्या शिष्येची टीम म्हणजे माझीच टीम. आज फायनल आमच्या घरातच झाली." टाळ्या. अरे, हरलेत ते! हरलेत!

१३ नोव्हेंबर
पेपरात तोच फोटो. वर मोठ्या अक्षरात "उस्तादांचा दबदबा कायम". संगीताचं नाव नाही, कंधारचं नाही. पेपरवाल्याला फोन करून झापलं. "मॅडम, बातमी क्लबाकडूनच आली." तळपायाची आग मस्तकात गेली.
उस्तादांना लावला. "बेटी, कायकू चिडती? माझं नाव असलं की तुझ्या पोरींना सगळीकडं बोलावतात." खरं असेल. म्हणून तर जास्त चीड आली.

२० नोव्हेंबर, लातूर
मैदानाच्या पायरीवर बसून लिहून राहिले. स्पर्धेच्या यादीत आम्ही "उस्ताद क्लब, नांदेड – ब". ब! हरलेला क्लब अ, आणि त्यांना हरवणाऱ्या आम्ही ब. संयोजक म्हणतात, "त्यांच्या शब्दावर तुम्हाला घेतलं. नाव बदलायचं तर त्यांचं पत्र आणा." अर्ध्या तासात मॅच, पत्र काय झाडाला लागलंय? सही केली तर ब म्हणून खेळायचं. नाही केली तर एसटी धरून कंधार.
पोरी बूट बांधून बसल्यात. संगीताला विचारलं, काय करू. "मॅडम, तुम्ही म्हणाल तसं." बाकीच्या पण तेच. उस्तादांसमोर मी पण असंच म्हणायची, मान खाली घालून.
यादी त्यांच्यामधी ठेवली. म्हणलं, "मी काही म्हणणार न्हाई. तुम्ही बोला."
पोरी यादीभोवती गोळा झाल्यात, अजून ठरलं नाही. तिकडं पंच हाका मारून राहिलेत.