पालकाच्या मंजुरीची प्रतीक्षा

रविवार, ८ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीलाही सांग, आणि चिमणीचा माझ्या वतीने एक गालगुच्चा घे. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा आता कुरकुरत नाही, तब्येत उत्तम आहे, उलट जरा जास्तच उत्तम आहे. त्याबद्दल पुढे लिहिते.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर तू मला एकही वाक्य पुरं करू देत नाहीस. कागदावर तुला मध्ये बोलता येत नाही, एवढाच माझा डाव. टपाल पोचायला वेळ लागेल, म्हणून पानांचे फोटो काढून पाठवतेय.

आधी ऑफिसचं. आमच्या पाकीट ॲपमध्ये बरेच लोक पैसे द्यायला निघतात आणि मध्येच सोडून देतात. ते कुठे अडतात हे शोधून तो रस्ता सोपा करणं माझ्याकडे आलं. त्यासाठी आम्ही माणसं बोलावतो, त्यांच्या हातात त्यांचाच फोन देतो आणि शेजारच्या खोलीत बसून पडद्यावर बघतो. समोर फक्त एक मुलगी बसते. तिला आम्ही ‘गप्पी’ म्हणतो, कारण तिचं कामच गप्प बसायचं. मदत करायची नाही, ‘इथे दाबा’ म्हणायचं नाही.

त्या दिवशी एक आजोबा ऐन वेळी आले नाहीत. मी आईला फोन केला, तर बाईसाहेब लगेच तयार. आमच्या प्रमुख बाईंना सांगूनच आणलं हो, वशिला नाही.

आईने चष्मा चढवला, दाखवलेली वस्तू निवडली, बटण दाबलं. पडद्यावर गोल गोल फिरणारं चक्र आलं आणि खाली अक्षरं उमटली: ‘पालकाच्या मंजुरीची प्रतीक्षा’.

आई हसली. म्हणाली, “अगं, माझे पालक जाऊन किती वर्षं झाली! ते कुठून देणार मंजुरी?”

आमच्या खोलीत सगळे हसले. मीही हसले. मग गप्पीने विचारलं, “आजी, असं झालं की तुम्ही काय करता?”

“काय करणार? माझा मुलगा परदेशात. माझी सकाळ म्हणजे त्याची मध्यरात्र. तो उठून ‘हो’ म्हणेपर्यंत मागची रांग ताटकळणार. मग मी घेतलेलं खाली ठेवते आणि म्हणते, अगंबाई, काहीतरी विसरले वाटतं, नंतर येते.”

“शेवटचं असं कधी झालं?”

“तरण तलावाच्या खिडकीपाशी,” आई म्हणाली.

दादा, मी खुर्चीतून उठलेच. आपली आई आणि तरण तलाव! जी अंघोळीलासुद्धा बादली भरून घेते, शॉवरखाली जीव घाबरतो म्हणते!

परत जाताना बसथांब्यावर मी तिला धरलं. तर म्हणे गेल्या पावसाळ्यापासून ती पोहायला शिकतेय. पहिल्यांदा खिडकीवरून परत फिरली, दुसऱ्या दिवशी रोख रक्कम घेऊन गेली. “दादाला विचारायचं होतंस ना,” मी म्हटलं. “तो काय नाही म्हणाला असता?”

“नसता म्हणाला,” ती म्हणाली. “पण आधी ‘कशाला?’ म्हणाला असता. मला माझं मलाच माहीत नव्हतं कशाला ते.”

हे वाचून तू रागावू नकोस. तू आईच्या ॲपवर ती मंजुरी का लावलीस हे मी विसरलेले नाही. बाबा गेल्यावर महिनाभरातच बँकेतून बोलतोय म्हणून त्या माणसाचा फोन आला होता, आणि आई त्याला नंबर वाचून दाखवतच होती. तू तिकडून किती तळमळला होतास! मी तुझ्या जागी असते तर मीही हेच केलं असतं.

आमच्या प्रमुख बाईंनीही नेमकं तेच धरलं. “मुलांना धीर वाटतो म्हणून ती आईवडिलांना आपलं ॲप वापरू देतात. तो धीरच काढून घ्यायचा?”

मी म्हटलं, “धीर राहू दे. पण पाकीट कुणाचं आहे?”

वाद बराच चालला. एकदा तर मी डबा न खाताच परत मीटिंगला बसले. शेवटी जमलं. आता अनोळखी खात्यात पैसे निघाले की ॲप स्वतःच थांबतं आणि साध्या शब्दांत विचारतं: ‘तुम्हाला हे कुणी फोनवरून करायला सांगतंय का?’ खाली ‘थांबवा’ असं मोठं बटण. वाटलं तर आपल्या माणसाला विचारायचं, नाही तर नाही. तो माणूसही खातेदारानेच निवडायचा. ‘पालक’ हा शब्द आम्ही हद्दपार केला. गप्पीने नवे पडदे दहा-बारा जणांसमोर ठेवले, तेव्हा कुणी मध्येच सोडून गेलं नाही. एक काकू तर निघताना म्हणाल्या, “हे ॲप माझ्याशी बोलतं, आधीचं माझ्याबद्दल बोलायचं.”

आता फोनवर तुला एक सूचना दिसेल: खातेदाराने मंजुरीचा अधिकार परत घेतला आहे. ती अचानक बघून तू दचकू नयेस म्हणून हे लिहितेय. बटण आईनेच आज दाबलं, माझ्यासमोर. आणि ‘आपला माणूस’ म्हणून तिने तुला निवडलं. मी शेजारीच बसले होते, तरी तुला! जरा लागलंच मला.

इतकं लिहूनही खरी गोष्ट राहिलीच आहे. बघ, मीसुद्धा चक्रासारखी गोल गोल फिरतेय.

तलावावर एक गृहस्थ येतात. शाळेत चित्रकला शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणतात. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. आईइतकेच पाण्याला घाबरतात. दोघं उथळ बाजूला दांडी धरून उभे राहायचे आणि एकमेकांना ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ करायचे. मी परवा बघायला गेले होते. आईने दांडी सोडली, हात मारत पलीकडे गेली आणि वर येऊन अशी खळखळून हसली की मला तिथेच रडू आलं. बाबा गेल्यापासून तो आवाज मी ऐकला नव्हता.

दादा, त्यांना लग्न करायचं आहे. मास्तर मला भेटले. कमी बोलतात, आईचं सगळं ऐकून घेतात, आणि आपल्याला कुणाची जागा घ्यायची नाही, असं त्यांनी मला आपणहून सांगितलं. मला ते आवडले.

आई तुला पुढच्या रविवारी स्वतः सांगणार आहे. मी हे लिहितेय ते तिला माहीत आहे. “त्याला आधी एकट्याने काय वाटायचं ते वाटू दे,” म्हणाली. तुला बाबा आठवतील. मलाही आठवले. पण तिला बोलू दे, आणि ‘कशाला?’ एवढं विचारू नकोस.

नोंदणीची तारीख तिने अजून घेतलेली नाही. साक्षीदार म्हणून एक सही माझी आणि दुसरी तुझी हवी, असा तिचा हट्ट आहे. मास्तरांच्या बाजूने त्यांचा भाऊ आहे. तुझी रजा कळल्याशिवाय ती तारीख घेणार नाही.

रजा कधी मिळते ते मला कळवू नकोस. तिलाच सांग.

तुझी वाट बघणारी,
धाकटी