बाबांच्या पोलादी कड्या

मेरी नदीकाठचा शिकारी तळ, रविवार

प्रिय डार्सीदादा,

तुझ्या बंदुकांच्या दुकानाला आणि तिथल्या थंडीला नमस्कार. मी बरी आहे. पाय प्लास्टरमध्ये आहे, पण आईला मी गाडीतून उतरताना पडले एवढंच सांग. तिचे गुडघे कसे आहेत?

खरं काय ते तुला सांगते. माझ्या बंदुकीवरची नेमाची दुर्बीण ज्यांत बसते, त्या बाबांच्या पोलादी कड्या काढून तू नव्या, हलक्या बसवल्यास. "पोलाद म्हातारे वापरतात गं, या बघ कशा देखण्या आहेत!" म्हणालास. ही बंदूक खांदा काळानिळा करते रे. तिच्या धक्क्यांनी तुझ्या देखण्या कड्या दुर्बिणीसकट सरकल्या. रानरेड्याच्या खांद्यामागे नेम धरला, गोळी पोटात बसली. मग तो गवतातून थेट माझ्यावरच आला. सोबतच्या वॉलीने त्याला पाडलं, म्हणून हे पत्र लिहितेय.

वहिनी म्हणाली, बाबांच्या कड्या आता दुकानात, भिंतीवरच्या शोभेच्या बंदुकीवर आहेत. तिच्यातून गोळी सुटत नाही, म्हणजे तिला धक्काही बसत नाही. त्या काढ आणि लगेच पाठव.

नाहीतर बाबांच्या फोटोशेजारी माझ्यासाठी एक खिळा ठोकून ठेव.

तुझी, सध्या एका पायावर उभी असलेली,
नेरिडा