धवल्याचा अर्थ

प्रिय सदा,

तुझ्या आईची प्रकृती ठीक आहे. ताप नाही, खोकला नाही, गळा शाबूत आहे. हे आधीच लिहून टाकतो, नाहीतर माझं अक्षर बघूनच तू शेवटच्या ओळीकडे धावशील, आणि तिथं तू इतक्या लवकर पोचावंस असं मला वाटत नाही. पत्र सावकाश वाच. वाचण्यात तर तुझा हात धरणारा कुणी नाही. ज्या ओळीत काही नाही तिच्यातूनसुद्धा तू उकरून काहीतरी वर आणतोस, म्हणून तर कॉलेजात तुझ्या नावाला टाळ्या पडतात.

माझं म्हणशील तर बरं चाललंय. वडिलांबरोबर मिठागरावर जातो. दिवसभर मीठ ओढून टाचांना भेगा पडल्यात, रात्री त्यांना तेल लावतो. शिवदास नापास होऊन परत आला असं गाव समजतं आणि मी समजू देतो. भर सभेत तुझ्या अंगावर दौत फेकली आणि माफी मागायची नाही म्हणून पेटी उचलली, हे सांगितलं तर पुढचा प्रश्न येतोच, की का फेकली? त्याचं उत्तर मी बरेच महिने कुणाला दिलं नाही. त्या दिवशी शाईनं भिजलेल्या सदऱ्यात उभा राहून तू प्रिन्सिपॉलसाहेबांना म्हणालास, ह्याच्या वतीनं मी माफी मागतो. तुझा सदरा धोब्याकडे जाऊन आला असेल. ती माफी माझ्या अंगावर तशीच आहे.

ती वाङ्मय मंडळाची सभा. विषय काय, तर ‘लोकगीतांतील सुप्त मन’. तू कोट घातला होतास, कुणाचा तरी उसना. त्या शहरी मंडळींना तू छान समजावून दिलंस की आमच्या खाडीकाठच्या गावांत लग्न मंत्रांवर लागत नाही, धवलारीण धवले गाते तेव्हा लागतं. हळदीपासून वरातीपर्यंत तिच्या गाण्याशिवाय एक तांदूळ हलत नाही. आणि ती बहुधा विधवा असते. जिला शुभकार्यात कुणी पुढे येऊ देत नाही ती बाई मांडवाच्या मधोमध उभी राहते आणि सगळे तिचं ऐकतात. इथवर मी मागच्या बाकावर ऊर फुगवून बसलो होतो. कारण तू सोनाआत्याबद्दल बोलत होतास, आणि सोनाआत्यानं मलाही भाकरी घालून वाढवलंय.

मग तू ती ओळ घेतलीस. ‘पैली हलद आयशीचे हाताला, मंगशी लावा नवऱ्या पोराला.’ फळ्यावर लिहिलीस आणि तिचे कपडे उतरवायला लागलास. हळद आधी आईला का? बापाचं नाव अख्ख्या गाण्यात का नाही? युरोपातल्या त्या डॉक्टरांचं मनोविश्लेषण तू नुकतंच वाचलं होतंस, प्रोफेसर पुढच्या रांगेत मान डोलावत होते, आणि तू शेवटाला पोचलास. म्हणालास, ही गाणारी विधवा प्रत्येक लग्नात स्वतःच बोहल्यावर चढते. तिच्या अबोध मनाला प्रत्येक नवरदेव हा आपला नवरा असतो. लोक हसले, मग टाळ्या वाजल्या. मी दौत फेकली ती तेव्हा.

इकडे आल्यावर मी तुझं भाषण तुझ्याच पद्धतीनं पुन्हा पुन्हा वाचलं. माणूस काय बोलतो ते नको, काय गाळतो ते बघा, असं तूच सांगितलंस ना? मग तू काय गाळलंस? तासभर बोललास आणि ती बाई, सोनाआत्या, तुझी आई आहे हे एकदाही तोंडातून निघालं नाही. ‘कुलाबा जिल्ह्यातील एक वृद्ध गायिका’ म्हणालास. तुझे वडील गलबतासकट गेले तेव्हा तू पाळण्यात होतास. ती गात गावोगाव फिरली, तू मांडवाच्या कोपऱ्यात गोणपाटावर झोपायचास, आणि त्या गाण्याच्या तांदळावर तू इंग्रजी शिकलास. त्या लहान पोराला कितीदा वाटलं असेल की आईनं त्या नवऱ्या पोरांकडे बघू नये, आपल्याकडे बघावं. ते तू तिच्यावर उलटवलंस. लोकगीतबिकगीत काही नाही, सदा. तू चार लोकांत आपल्या आईवर सूड घेतलास. हे माझं निदान. कॉलेज अर्ध्यात सोडलं तरी तेवढं येतं मला.

आता केसर. धर्माजीकाकाच्या केसरवर माझा जीव आहे हे जगात दोघांनाच ठाऊक होतं, मला आणि तुला. भाऊच्या धक्क्यावर बसून मीच तुला सांगितलं होतं. रडलोही होतो. तू माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालास की शिवदास, हे प्रेम नव्हे. तुझी आई तू लहान असताना गेली, तिला तू शोधतोयस, केसर नुसती निमित्त आहे. मी त्या वाक्यावर पंधरा दिवस जेवलो नाही. आणि दिवाळीला धर्माजीकाका तिच्यासाठी तुला विचारायला आला तेव्हा त्याच निमित्ताला तू होकार दिलास.

चैत्रात मी सोनाआत्याकडे गेलो. ती ओट्यावर जवळा निवडत बसली होती. तुझ्या लग्नात काय काय गाणार ते मला सांगत होती. एक नवा धवला बांधला होता तुझ्यासाठी, तो गुणगुणून दाखवला. मी ऐकून घेतलं. मग तू सभेत काय बोललास ते तिला सांगितलं. अबोध मन वगैरे शब्द तिला काय कळणार, म्हणून सोपं करून सांगितलं. तू म्हणशील, शिवदास, तिच्या अपमानाची चीड होती म्हणून तू बोललास, पण आतून तुला केसर हवी होती. आतून कशाला? बाहेरूनच हवी होती. माझ्या मनाला तळघर नाही, सदा. मी जे केलं ते जागेपणी, दुपारच्या उन्हात केलं.

तिनं एवढंच विचारलं की हे चार लोकांत बोलला का. मी म्हटलं, हॉल भरला होता, टाळ्या वाजल्या. ती जवळा निवडत राहिली. मला वाटलं चिडेल, तुला शिव्या देईल, मला हाकलेल. सगळा जवळा निवडून झाला, सूप बाजूला ठेवलं, आणि म्हणाली, “दर नवरा जर माझा नवरा, तर सदाच्या मांडवात मी उभी कशी ऱ्हाऊ?”

झालं. तुझ्या लग्नात ती गाणार नाही. धर्माजीकाका पाया पडून आला. शेजारच्या गावच्या धवलारणींना विचारलं, तर जिथं आई पोराला गात नाही तिथं आम्ही तोंड उघडत नाही, असं एकजात सगळ्यांनी सांगितलं. कारण कुणाला कळलं नाही, सोनाआत्यानं ओठ उघडले नाहीत. पण धवल्याशिवाय तुझं लग्न लागणार नाही एवढं ठरलं. इकडे तांदूळ कांडून झालेले, मांडव उभा. धर्माजीकाका हट्टी माणूस, मांडव रिकामा ठेवायचा नाही म्हणाला आणि दुसरा नवरा बघितला. तिथीसुद्धा तुला न कळवता दोन दिवस अलीकडे ओढली, म्हणजे तू येऊन तमाशा करायच्या आत उरकेल.

केसरला कुणी विचारलं नाही. तीच आपणहून सोनाआत्याच्या दारात जाऊन बसली, जेवायलासुद्धा उठेना. आईनं ओढलं, बापानं हात उगारला, तर म्हणाली, “नवरा कोन का असंना. धवला सोनाआत्याचाच पायजे.” तू आणि मी तिच्यावरून एकमेकांचे गळे धरले, आणि आपल्याबद्दल तिचं मत हे एवढं. कोन का असंना. शेवटी सोनाआत्या कबूल झाली, पण एका अटीवर. नवऱ्याकडे पाठ करून गाईन, म्हणाली. त्याच्याकडे बघायची नाही.

काल हळद झाली. ती तशीच गायली, पाठ करून. आईच्या हाताची ओळ आली तेव्हा थांबली, ती गाळली आणि पुढची घेतली. नवऱ्याला आई नव्हती, म्हणून ती हळद सोनाआत्याच लावील असं त्याला वाटत होतं. लहानपणापासून वाटत होतं. लावली ती त्याच्या चुलतीनं. आणि केसर त्या पाठीमागून दिसणाऱ्या मानेकडे बघत होती, नवऱ्याकडे नाही.

हे पत्र पोस्टानं आलेलं नाही हे तुझ्या लक्षात आलं असेल. रेवसला बोट लागली की भागोजी तांडेल हे तुझ्या हातात देईल असं मी ठरवून ठेवलंय, म्हणजे आपल्या हळदीला म्हणून नवे कपडे घेऊन तू उतरशील आणि तिथंच धक्क्यावर, चार लोकांत, हे वाचशील. त्यासाठीच एवढं लांबण लावून लिहिलं. तू वाचत असताना तुझा चेहरा मला बघायचा होता. आता मान वर कर. मिठाच्या ढिगापाशी पिवळा उभा आहे तो मी. हळदीच्या अंगानं वेस ओलांडायची नसते, पण मी ओलांडून आलो. आज संध्याकाळी लग्न आहे. निघताना मी सोनाआत्याला विचारलं, सदाला काही सांगू का? तिनं ऐकलं, पण मागे वळली नाही. बोट तासाभरानं मुंबईला परत जाते.

तुझाच,
शिवदास